डावी बाही

फाटलेला कपडा खोटं बोलत नाही, हे मास्तरांचं लाडकं वाक्य. खोटं बोलतो तो माणूस. तो कोट टेबलावर टाकतो आणि सांगतो, खिळ्याला अडकला. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून भोक डोळ्यांजवळ नेतात, सुटलेले धागे दोन बोटांनी चाचपतात आणि विचारतात, “कुत्रं घरचंच होतं का हो?” गिऱ्हाईक गोरंमोरं होतं. मागे इस्त्री फिरवणारा भट्टीवाला खो खो हसतो, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट निम्म्या गावाला कळलेली असते.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत, रफूचे. भट्टीवाल्याच्या धुलाईच्या दुकानात, दाराजवळच्या खिडकीच्या उजेडात त्यांचं टेबल होतं. तिथे चाळीस वर्षं वाकून बसल्याने पाठीला कायमचा बाक आला होता. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून धागे काढायचे आणि त्या धाग्यांनी भोक विणून भरायचं, हे त्यांचं काम. ते उलट्या बाजूने होतं, कपडा आतून बाहेर काढून. त्यामुळे गावातले कोट मास्तरांना आतून पाठ होते. माणसाच्या अंगावर दिसले की ओळखायला वेळ लागायचा. गिऱ्हाइकाचा कपडा उलटा करण्याआधी ते न चुकता त्याला चिठ्ठी टाचत. कोट, उजवा खिसा. सदरा, डावी बाही. नाहीतर उलट्या कपड्यात डावं-उजवं कोण लक्षात ठेवणार?

घरी दोघंच. मास्तर आणि त्यांची मुलगी. बायको गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, आता सव्वीसची. तिचं लहानपणीचं नाव ठकी. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत नोकरीला लागली तरी गल्लीच्या तोंडी ठकीच राहिली. बापलेकीत लपवाछपवी अशी नव्हती. निदान मास्तरांची तशी समजूत होती.

त्या मंगळवारी ठकी घरी आली तेव्हा सात वाजून गेले होते. रोज सहाला येणारी मुलगी. अंगावरचा करडा लोकरी कोट काढून तिने दाराआडच्या खुंटीला टांगला आणि म्हणाली, “बाबा, बाही फाटलीय. जमेल तेव्हा कर.”

“कशाने?”

“दारात अडकली.”

“कुठल्या दारात?”

“दारात रे. दाराला काय नाव असतं?”

एवढं बोलून ती हात धुवायला गेली. स्कूटर कुठाय विचारलं, तर चालू होत नव्हती म्हणून बसथांब्यावरच सोडली म्हणाली. जेवताना गप्प. एकदा मास्तरांनी मान वर केली तेव्हा ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्यांनी बघितल्याबरोबर तिने नजर ताटात घातली. दवाखान्यात कुणाशी तरी वाजलं असेल, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं आणि विचारायचं राहून गेलं. मुलगी मोठी झाली की बापाचं बरंचसं विचारायचं असंच राहून जातं.

बुधवारी सकाळी त्यांनी कोट दुकानात नेला. घरच्या कपड्याला कसली आलीय चिठ्ठी? सरळ उलटा केला आणि कामाला लागले. कोट बिनअस्तराचा, तिरप्या विणीचा. कोपराजवळ दोन बोटं रुंद भोक, आणि तेवढं कापड जागेवर नव्हतंच, कुठेतरी तुटून राहिलं होतं. मास्तरांनी खालच्या दुमडीतून धागे काढले आणि अकरापर्यंत भोक भरून काढलं. कोट सुलटा करून उजेडात धरला तर त्यांचं त्यांनाच रफू सापडेना. मास्तर खूश झाले. कोटाची घडी पिशवीत घालून पिशवी टेबलाखाली सरकवली.

बाराच्या सुमाराला भट्टीवाला गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परत आला तो बातमी घेऊनच. या माणसाला कपडे पोचवायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट बातम्या गोळा करायला लागतो. म्हाताऱ्या घड्याळजींना काल संध्याकाळी कुणीतरी स्कूटरने उडवलं म्हणे. साडेसहाच्या सुमाराला, मैदानाच्या वळणावर. घड्याळजी रोज त्याच वेळी फिरायला निघत, त्यांच्यावर लोक आपली घड्याळं लावत. स्कूटरवाला थांबलासुद्धा नाही. म्हातारा तासभर तसाच पडला होता, अजून शुद्ध नाही. आणि गंमत म्हणजे, भट्टीवाला आवाज खाली आणून म्हणाला, पळताना त्या माणसाची बाही कुंपणाच्या जाळीला अडकली. कापडाचा तुकडा तिथेच राहिलाय. करडं लोकरी कापड.

मास्तरांच्या हातातली सुई टेबलावर पडली. साडेसहा. ती आली सातनंतर. स्कूटर नाही. बाही. दाराला काय नाव असतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची भोकं वाचणाऱ्या माणसाला हे वाचायला पळभरसुद्धा वेळ लागला नाही, आणि हेच त्याचं दुर्दैव. एखादा कमी हुशार बाप असता तर मुलीला जाऊन विचारता तरी झाला असता.

तीन वाजता फौजदार आले. साधा माणूस, पडशाने बेजार, हातात रुमाल. गावात रफूचं काम करणारे मास्तर एकटेच, तेव्हा पहिली फेरी इथेच असणार हे उघड होतं. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत करड्या कापडाची पट्टी होती, बोटभर लांब. टेबलाखाली, मास्तरांच्या पायाला लागून, दुसरी पिशवी होती.

“जाळी रस्त्याच्या डाव्या हाताला आहे,” फौजदार म्हणाले. “म्हणजे डावी बाही, कोपराजवळ. उंचीवरूनही तेच निघतं. पाहिलेलं कुणी नाही, मास्तर. सगळा परिस्थितीजन्य पुरावा. म्हणजे तुमच्यासारखंच की. चावताना कुत्रं दिसलेलं नसतं, भोक दिसतं.”

भट्टीवाला मागून हसला. मास्तरांनीही हसायचा प्रयत्न केला. डावी बाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळचं टेबल उभं राहिलं, त्यावर पसरलेला कोट, आणि डाव्या बाजूची बाही हातात घेऊन बसलेले ते स्वतः. डावीच होती. चुकायला जागाच नव्हती.

“असा फाटका कोट आलाय का कुणाचा?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “आठ दिवसांत बाही फाटलेला एकही कोट दुकानात आलेला नाही.”

घरचा कोट काही दुकानात ‘येत’ नाही, तो आपण आणतो, अशी त्यांनी आपल्याशी पळवाट काढली. पण चाळीस वर्षांत त्या टेबलाशी बसून त्यांनी बोललेलं हे पहिलं खोटं होतं. फौजदारांनी तुकडा नीट बघायला सांगितला. मास्तरांनी तो बघितल्यासारखं केलं. भिंग टेबलावरच होतं, त्यांनी ते उचललं नाही. तिरपी वीण आहे, लोकर आहे, दोन थंड्यांमागे कापडवाल्याने याचे कितीतरी तागे खपवले, गावात असे शंभर कोट असतील, असं ते म्हणाले. हे सगळं खरं होतं. शंभरांतला दुसरा कुठलाही कोट असू शकतो, हेही त्यातच आलं. पण स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेलं शहाणपण स्वतःच्या कानात शिरत नाही, त्यातला हा प्रकार.

जाताना फौजदार म्हणाले, शंभर तर शंभर. ज्यांच्याकडे स्कूटर आहे त्यांच्या घरापासून सुरुवात करतो, दोन दिवसांत होतील बघून.

त्या संध्याकाळी ठकी रडतच घरी आली. घड्याळजींना दुपारी तिच्याच खोलीत आणलं होतं, फोटो तिनेच काढला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. पोळी हातात तशीच धरून ती सांगत होती की समोरून घेतलेल्या फोटोत काही म्हणजे काही दिसत नव्हतं, डॉक्टर खुब्याला नुसता मुका मार आहे म्हणून विषय सोडून देणार होते. तिने आडवा फोटो घेऊया म्हणून हट्ट धरला आणि त्यात मोड दिसली. “एका बाजूनं बघून काही सांगता येत नाही, बाबा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले. “कसलं माणूस असेल रे ते? टाकून पळून गेलं.”

मास्तर तिच्याकडे बघत होते. तिचं बोलणं त्यांना ऐकूच येत नव्हतं, रडणं तेवढं दिसत होतं. लोक किती सफाईने दुसऱ्या कुणाचं म्हणून आपलंच सांगतात, हे त्यांनी टेबलाशी बसून हजारदा पाहिलं होतं. त्यांना तिचा राग आला नाही. भयंकर माया आली. ही मुलगी तुरुंगात गेली तर आपण काय करणार, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घण घालत होता. ठकी, तू होतीस का तिथे? एवढं वाक्य. त्यांनी ते चार वेळा ओठांपर्यंत आणलं आणि चारही वेळा पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. नाही म्हणाली तर विश्वास बसणार नाही, हो म्हणाली तर सोसणार नाही. मग विचारायचं कशाला?

गुरुवारी सकाळी मास्तर नेहमीपेक्षा तासभर आधी दुकानात गेले. किल्ली त्यांच्याकडे असे. मागच्या खोलीत पाणी तापवायची भट्टी होती, ती भट्टीवाला येऊन पेटवायचा. आज ती मास्तरांनी पेटवली. आपल्या हाताचं चांगलं काम असं जाळायचं म्हणजे जिवावर आलं, तरी त्यांनी घडी न मोडता कोट आत सारला आणि लोखंडी झाकण लावून घेतलं. एकदा उघडून बघावा, असंही त्यांना वाटलं नाही. बघायचं काय त्यात? रफू तर दिसणारच नव्हतं.

आता लोकर जळली की केस जळल्यासारखा वास सुटतो, हे रफू करणाऱ्या माणसाने विसरावं म्हणजे कमाल झाली. धागा सुती की लोकरी हे मास्तर रोज काडी पेटवून असंच तर ओळखत. भट्टीवाल्याला तो वास कोपऱ्यावरच आला. कुणा गिऱ्हाइकाचा कोट भट्टीत पडला म्हणून त्याचं धाबं दणाणलं, तो धावतच आत शिरला. सगळे लोकरी कपडे त्याने चिठ्ठ्यांवरून दोनदा मोजले. सगळे जागेवर होते. मास्तर आपल्या टेबलाशी खाली मान घालून एका मोज्याला रफू करत होते, आणि मोजा फाटलेला नव्हता. दुपारी राख काढताना भट्टीवाल्याला तीत एक पितळी बटण सापडलं. भट्टीवाला वाईट माणूस नव्हे. पण पोटात गोष्ट ठेवायची तर त्या पोटाला बूड लागतं.

शुक्रवारी सकाळी, ठकी कामावर निघायच्या आत, फौजदार घरी आले. बरोबर एक पोलीस बाई. मास्तर दाराची चौकट धरून उभे राहिले. फौजदारांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसले, नाक पुसलं आणि ठकीला विचारलं, तुमच्याकडे करडा लोकरी कोट आहे का?

“आहे की,” ठकी म्हणाली. “मंगळवारी फाटला होता, बाबांनी रफूला नेला होता, आणला असेल परत. थांबा, दाखवते.”

ती इतक्या सहज बोलली की मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती आत गेली. खुंटीवरचे कपडे हलल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग पेटीचं झाकण. ठकी दारात आली.

“बाबा, कोट कुठे ठेवलास?”

फौजदारांनी खिशातून काळं पडलेलं बटण काढलं आणि टेबलावर ठेवलं. भट्टीवाल्याच्या गिऱ्हाइकांचे कपडे सगळे जागेवर आहेत, ते म्हणाले. बुधवारी सकाळी मास्तर करडा कोट विणत बसल्याचं समोरच्या दुकानातल्या दोघांनी पाहिलंय, आणि त्याच दुपारी मास्तर म्हणाले की असा कोट आलाच नाही. ते रागावलेले दिसत नव्हते, आणि मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

ठकीने बटणाकडे पाहिलं, मग बापाकडे. ती हुशार मुलगी. पण बापाने असं काही केलं असेल हे तिच्या डोक्यात अजून शिरतच नव्हतं. ती फौजदारांकडे वळली.

“कोट गेला असेल तर गेला, साहेब. पण तुम्ही डावी बाही शोधताय ना? गावभर तेच बोलतात. माझी उजवी फाटली होती.”

“डावी ना गं?” मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेले होते. फौजदारांनी वही उघडली. ठकीने काही न बोलता उजव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या वर दोन बोटं रुंद खरचटलेलं होतं, त्यावर खपली धरली होती. डावा हात तिने तसाच उघडून दाखवला. तो स्वच्छ होता.

मास्तरांनी त्या खपलीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा बुधवारचं टेबल आलं. कोट उलटा होता. कोट उलटा केला की उजवी बाही डाव्या अंगाला येते. हे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात. ते स्वतः त्यासाठीच जन्मभर चिठ्ठ्या टाचत आले. पोरीच्या कोटाला तेवढी एक चिठ्ठी टाचली नव्हती. आणि तिची उजवी बाही फाटली होती हे चार माणसांना दाखवणारी एकच वस्तू या जगात होती, ती त्यांनी आपल्या हाताने भट्टीत घातली होती.

“उजवीच होती,” ते घाईघाईने म्हणाले. “मी उलट्या बाजूनं काम करतो, साहेब, उलटा कोट असतो टेबलावर, त्यामुळे मला डावी वाटली. खालची दुमड, धागे, तुम्ही भट्टीवाल्याला विचारा, चिठ्ठी नव्हती म्हणून...” बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

“खरचटणं कुठेही होतं, मास्तर. आणि बाप मुलीसाठी डाव्याची उजवी करणारच,” फौजदार म्हणाले. “मला एवढंच सांगा. खाई त्याला खवखवे म्हणतात. तुमच्या मुलीने काही केलंच नव्हतं, तर तुम्ही कोट जाळला का?”

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते ठकीसमोर द्यायचं होतं. मास्तर गप्प राहिले. गप्प राहूनही ते दिलं गेलंच. ठकी हळूच खाली बसली. तिचा चेहरा लहानपणी तापात व्हायचा तसा झाला होता.

मग बाकीचं ओघानेच आलं. मंगळवारी ती दवाखान्यात नव्हती, रजेवर होती. मास्तरांना हे आत्ता कळलं. दुसऱ्या गावाला गेले होते, ती म्हणाली, तिथे एका घराच्या कडीला बाही अडकून फाटली. कशाला गेला होतात? कामाला. तिकीट? फेकलं. बस सहाला पोचली आणि घरी सातनंतर, मधला तासभर कुठे होतात? चालत होते. कुठे? अशीच, नदीच्या कडेनं. कुणी पाहिलं? माहीत नाही. स्कूटरच्या पुढच्या पत्र्याला पोचा होता, गेल्या वर्षीचा. पण पोच्यावर कुणी तारीख घालत नाही. फौजदार मुकाट्याने लिहून घेत होते. निघताना ते मास्तरांना म्हणाले, “माझ्याकडे नुसता चिंधीएवढा तुकडा होता. बाकीच्या कड्या तुम्ही पुरवल्यात.”

दिवसभर ठकीला चौकीत बसवून घेतलं. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून होते. आत जो जो जाईल त्याला ते उलट्या कोटाची गोष्ट सांगत, आणि जो तो मान हलवून पुढे जाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दवाखान्यातून निरोप आला की निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नये. संध्याकाळी तिला सोडलं, पण गाव सोडायचं नाही या अटीवर. रस्त्यात ती दोन पावलं पुढे चालत होती. भट्टीवाल्याने दुकानाच्या दारात मान खाली घातली. घरी येऊन तिने स्वयंपाक केला, बापाला वाढलं, आणि आपण न जेवता आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दाराशी मास्तर दोनदा गेले आणि दोनदा परत आले. म्हणणार काय?

शनिवारी दुपारी फौजदार पुन्हा आले, या वेळी एकटेच. मास्तरांना वाटलं, आता नेणार. पण ते दारातच उभे राहून म्हणाले, की माणूस सापडला. पलीकडच्या पेठेतला काच बसवणारा. चार दिवस अन्न गोड लागेना त्याला, शेवटी बायकोनेच हाताला धरून चौकीत आणून उभा केला. कोट तसाच घरी होता, डावी बाही फाटलेली. तुकडा लावून बघितला, धाग्याला धागा बसला. घड्याळजीही शुद्धीवर आलेत आणि किती वाजले म्हणून विचारतायत. फौजदारांनी ठकीची माफी मागितली. चांगल्या शब्दांत मागितली. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, कोट तुमचाच, जाळलात तुम्हीच, याला काही कलम लागत नाही.

मास्तरांनी देवाचे आभार मानले, फौजदारांचे मानले, त्या न पाहिलेल्या काचवाल्याच्या बायकोचेही मानले. गळ्यापर्यंत आलेलं पाणी ओसरलं होतं. मुलगी सुटली होती. ठकी आत उभी होती, तिला जवळ घ्यावं म्हणून ते वळले, तर ती पाणी भरायला निघून गेली होती.

रविवारी सकाळी मास्तर उठले तेव्हा ठकी बॅग भरत होती.

“कुठे निघालीस?”

“तिकडच्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागलीय. मंगळवारी तिथेच गेले होते. खोलीही बघून आले, त्याच खोलीच्या कडीला बाही अडकली.” ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आवाज अगदी साधा होता. “काल होकार कळवला, उद्यापासून ये म्हणालेत.”

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. सांगितलं का नाहीस, असं त्यांना म्हणायचं होतं. पण हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

“तो एक तास विचारत होते ना फौजदार,” ठकी म्हणाली. “सहा ते सात. मी नदीकाठानं चालत होते. तुला कसं सांगू, तू एकटा कसा राहशील, हाच विचार करत होते. दोन फेऱ्या मारल्या. मग ठरवलं की जायचं नाही. तुला सोडून नाही जायचं. नको म्हणून कळवायचं, असं ठरवूनच घरी आले होते मी.”

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मला पोलिसांचं काही वाटलं नाही, बाबा. त्यांना मी कोण? पण तू मला सव्वीस वर्षं बघतोयस. त्या म्हाताऱ्याला रस्त्यात टाकून मी घरी येऊन जेवले असेन, हे तुला खरं वाटलं. आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

“मला वाचवायचं होतं तुला,” ते म्हणाले.

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा कापला. “म्हणून तर तुझ्यावर रागावतासुद्धा येत नाही.”

बसला अजून वेळ होता. तिने त्यांना चहा करून दिला, दुधाचं, औषधाचं, गॅसवाल्याचं सगळं सांगितलं. मास्तर हो हो म्हणत राहिले. बॅग त्यांनी उचलायला घेतली, ती तिने घेऊ दिली. बसथांब्यावर दोघं शेजारी शेजारी उभी होती. कपड्यावरून माणसं ओळखणाऱ्या त्या माणसाला शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीच्या मनात काय चाललंय याचा काहीही अंदाज येत नव्हता. बस वळणावर दिसली तेव्हा त्यांनी विचारलं.

“परत येशील ना गं?”

पाच दिवसांत मनातला प्रश्न त्यांनी तिला सरळ विचारला, तो हा पहिलाच. ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि ती हो म्हणाली असती तर मास्तरांनी त्यावर जन्म काढला असता.

“माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली आणि ती बसमध्ये चढली.